विमान कंपन्या एक होतात तेव्हा झिंग्याच्या पेटीचं काय होतं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या मच्छीमार सोसायटीतले अकरा जण मिळून गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमधला मोठा झिंगा थर्माकोलच्या पेट्यांत भरता आणि नागपूरहून संध्याकाळच्या थेट विमानाने कोलकात्याला पाठवता. आठवड्यातून तीन खेपा, खेपेला बारा पेट्या. ज्या कंपनीच्या विमानाने माल जातो ती दुसऱ्या कंपनीत विलीन होणार अशी बातमी आली, आणि एजंटने सांगितलं, "कार्गोवाल्यांचं आता काही खरं नाही." तुमचा मामेभाऊ त्याच कंपनीच्या कार्गो शेडमध्ये कामाला आहे. तेव्हा कार्गो विभाग राहणार की जाणार, आणि आतापासून काय करून ठेवावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी २९ वर्षं विमानाच्या मालात काढली. लोडिंगवर लागलो आणि स्टेशनचा कार्गो इन्चार्ज म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात दोन विलीनीकरणं अंगावरून गेली. आता कुहीकडे गावी असतो. त्यामुळे तुमचं बॅकवॉटरही मला ठाऊक आहे आणि सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळावरच्या, शेडमधली दुपारची धगही.

एजंटचं वाक्य मनावर घेऊ नका. कार्गो विभाग सहसा बंद होत नाही. प्रवासी विमान उडतं तोवर त्याच्या पोटात जागा असते, आणि ती जागा रिकामी नेणं बहुतेक मालकांना परवडत नाही. मात्र विभाग राहिला म्हणजे तुमची सोय राहिली असं समजू नका. जातं ते एखादं विमान, त्याची वेळ, ओळखीचा माणूस, जुना दर. तुमचा धंदा विभागाच्या पाटीवर चालत नाही, या चार गोष्टींवर चालतो.

हे एसटीवरून लवकर कळेल. आपल्याकडे अजून गावाकडचा डबा, औषधाचं पार्सल, वर्तमानपत्राचा गठ्ठा एसटीने जातो. उद्या दोन डेपो एक केले तर पार्सल न्यायचं कोणी थांबवणार नाही. पण सकाळची साडेसहाची गाडी नवाची झाली, तर शिकायला गेलेल्या पोराचा डबा दुपारी पोचेल. गाडीची वेळ ठरवताना डब्याला कोणी विचारत नाही. विमानाच्या पोटातल्या मालाचं हेच आहे. आम्ही त्याला बेली कार्गो म्हणतो. वेळापत्रक प्रवाशांसाठी बनतं आणि माल त्याच्या मागे जातो. दोन कंपन्यांचे मोठे साहेब टेबलाशी बसतात तेव्हा कार्गोचा साहेब बहुधा त्या खोलीत नसतोच.

जिथे कंपनीकडे स्वतःची मालवाहू विमानं असतात, तिथे गोष्ट वेगळी होते. तिथे कार्गो हा दागिना असतो, आणि दागिना विकता येतो, मोडताही येतो. अमेरिकेत २००८ मध्ये डेल्टाने नॉर्थवेस्ट घेतली. नॉर्थवेस्टकडे ७४७-२०० ची मालवाहू विमानं होती, जुनी आणि इंधन पिणारी, त्यात मंदी आली. डेल्टाने २००९ च्या अखेरीस ती उभी करून टाकली. प्रवासी विमानांच्या पोटातला माल मात्र चालूच राहिला. दुसरं उदाहरण कोरियाचं. कोरियन एअरने एशियाना घ्यायचं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं. या दोन एक झाल्या तर युरोप-कोरिया मालवाहतुकीत स्पर्धा फार कमी होईल, अशी हरकत युरोपच्या नियामकांनी घेतली आणि एशियानाचा मालवाहू धंदा वेगळा विकायची अट घातली. तो एअर इंचिऑन नावाच्या छोट्या कंपनीला गेला. ऑगस्ट २०२५ पासून ती कंपनी एअरझेटा नावाने तो चालवते. कोविडच्या काळात प्रवासी घरी बसले असताना एशियानाला मालानेच तारलं होतं. विलीनीकरणात तोच कमावता पोरगा दुसऱ्या घरी द्यावा लागला.

तुमचा माल नेणाऱ्या कंपनीकडे मालवाहू विमान नाही, फक्त बेली आहे. म्हणून ही दोन्ही उदाहरणं तुम्हाला लागू नाहीत. दिली ती एवढ्यासाठी, की 'विलीनीकरणात कार्गो विकतात' असं कोणी सांगितलं तर ते कोणत्या कार्गोबद्दल आहे हे विचारा.

आता 'होणार' या शब्दाबद्दल. विमान कंपन्यांच्या सोयरिकी जुळायला आणि मोडायला फार वेळ लागतो. जेटने सहारा घ्यायचं २००६ च्या जानेवारीत जाहीर केलं, जूनमध्ये ते फिसकटलं, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये तोच सौदा पुन्हा झाला. अमेरिकेत जेटब्लू आणि स्पिरिटचा सौदा २०२२ मध्ये ठरला, जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने अडवला आणि मार्चमध्ये दोघांनी तो सोडून दिला. विस्तारा या विमान कंपनीचं एअर इंडियात विलीनीकरण नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला पूर्ण झालं. मालक एक असूनही जवळजवळ दोन वर्षं गेली, कारण मध्ये स्पर्धा आयोग, कंपनी न्यायाधिकरण, सिंगापूरचे नियामक, विमान वाहतूक महासंचालनालय अशा पायऱ्या होत्या. म्हणजे बातमी आली म्हणून उद्याच पेट्या परत येणार नाहीत.

पण याची दुसरी बाजू आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वेलाइन आठवते ना? मोठी लाइन करायची म्हणून २०१९ मध्ये छोटी गाडी बंद केली. मोठी लाइन झाली की चांगलंच होणार, यात वाद नव्हता. पण मधल्या वर्षांत उमरेड-भिवापूरच्या माणसाला बस धरावी लागली. विलीनीकरणही असंच असतं. शेवटी काय होणार ते सगळे सांगतात, मधल्या काळात काय होणार ते कोणी सांगत नाही. आणि तुमचा झिंगा मधल्या काळातच मरतो.

मधल्या काळात पहिली हालचाल होते विमानांची. दोन कंपन्या एक झाल्या म्हणून त्या दिवशी विमानं वाढत नाहीत, आहेत तीच पुन्हा वाटली जातात. मुंबई-दिल्लीला उतरायची वेळ, म्हणजे स्लॉट, मिळणं फार कठीण. नव्या कंपनीच्या हातात दोघांचे स्लॉट येतात, आणि जिथे तिकीट महाग विकतं तिथे विमान ओढलं जातं. एका मार्गावर दोघांची विमानं तासाभराच्या फरकाने उडत असतील, तर त्यातलं एक हलणार हे धरून चाला. नागपूर-कोलकाता असा मार्ग दोघांकडेही असेल तर तुमची संध्याकाळची वेळ टिकेलच याची खात्री मी देणार नाही. थेट विमान गेलं तर एजंट म्हणेल, "काही नाही गा, दिल्लीहून फिरवून पाठवून देऊ." फिरवून म्हणजे पेटी दिल्लीला उतरणार, शेडमध्ये थांबणार, पुन्हा चढणार. प्रत्येक उतरण्या-चढण्यात ती ट्रॉलीवर उघड्यावर उभी असते. सुक्या मिरचीला हे चालतं, झिंग्याला नाही.

दुसरी हालचाल विमानाच्या जातीची, आणि ही लोकांच्या लक्षात येत नाही. मार्ग तोच, वेळही तीच, पण एअरबसच्या जागी एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, आलं तर तुमची जागा गेली. गोंदियाच्या बिरसीहून डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादची सेवा सुरू झाली ती एटीआरने. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सुरू झाली तीही एटीआरने. माणसांसाठी छान सोय झाली, पण सत्तर-ऐंशी आसनांच्या त्या विमानात बॅगा भरून झाल्या की मालाला फार थोडी जागा उरते. आणि मे महिन्यात आपल्या ४५ अंशांत हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते. वजन कमी करायची वेळ आली की आधी माल उतरतो. जागेचा पहिला मान प्रवाशांचा, मग त्यांच्या बॅगांचा, मग टपालाचा, आणि शेवटी आपला. याला ऑफलोड म्हणतात. मी स्वतः विमानाच्या दारातून पेट्या परत काढल्या आहेत. खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाटायचं मी त्याच्यावर सूड घेतोय.

टपालाचं नाव निघालं म्हणून एक आठवण, जरा विषयांतर. नागपूर एके काळी देशाच्या हवाई टपालाचं मधलं घर होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी विमानं रात्री नागपूरला यायची, इथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतायची. माझ्या आधीच्या पिढीतले लोडर सांगत, की अर्धा देश झोपेत असताना त्याची पत्रं सोनेगावात जागी असायची. पुढे कॅप्टन गोपीनाथांनी डेक्कन ३६० या मालवाहू कंपनीचं केंद्रही नागपूरलाच केलं होतं, २००९ मध्ये. दोन वर्षांत ती थांबली. नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या पूर्ण नावातही 'कार्गो हब' आहेच. सांगायचं हे, की नकाशात मध्यभागी असल्याचा फायदा नागपूरला आपोआप मिळत नाही. इथे माल बदलायला विमानं थांबली तरच मिळतो, आणि थांबायचं की नाही ते मुंबई-दिल्लीच्या ऑफिसात ठरतं.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. विलीनीकरणाचा मुहूर्त ठरला होता मध्यरात्रीचा. प्रत्येक मालाला एक एअर वे बिल, म्हणजे वाहतुकीची पावती, असतं हे तुम्हाला माहीत आहे. अकरा आकडी नंबर, त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२, विस्ताराचे २२८ होते. त्या तीन आकड्यांवरूनच कॉम्प्युटरला कळतं की हा माल कोणाचा. आमच्या शेडमध्ये त्या संध्याकाळी जुन्या नंबराने माल घेतला आणि रात्री बारानंतर उडणाऱ्या विमानात तो भरायचा होता. बाराला जुनी प्रणाली बंद झाली. नव्या प्रणालीत जुने नंबर आपोआप दिसणार असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. सगळे दिसले नाहीत. जे दिसले नाहीत त्यांत माशाच्या नऊ पेट्या होत्या.

दोन कंपन्या, म्हणून शेडही दोन होत्या, तारेच्या कुंपणाने वेगळ्या केलेल्या. माल जुन्या शेडमध्ये, विमान भरणार नव्या शेडची माणसं, त्यांच्या यादीत पेट्या नाहीत, म्हणून ते आले नाहीत. आमच्या लोडरांचे एअरपोर्टचे पास जुन्या कंपनीच्या नावाचे. गेटवर जवान म्हणाला, ही कंपनी आता नाही. त्याचंही बरोबर होतं. विमान गेलं. सकाळी पार्टीचा फोन आला, "साहेब, माल कुठी गेला?" मी कॉम्प्युटर पाहिला तर असा मालच नाही. दुपारी दोनला पेट्या सापडल्या त्या नाकाने. मे महिना होता. तळाच्या पेटीतून लालसर पाण्याची रेघ निघून दारापर्यंत आली होती आणि तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या.

नुकसानभरपाईसाठी पार्टी चार महिने फिरली. जुन्या कंपनीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राला नवी कंपनी म्हणायची की हा माल आमच्या नंबराचा नाही. कायद्याने विलीन झालेल्या कंपनीची देणी नव्या कंपनीवर येतात. पण ती येतात हे टेबलावरच्या माणसाला पटवायला कागद लागतो.

म्हणून तुमच्यासाठी काही गोष्टी, जशा आठवतील तशा सांगतो. ज्या तारखेला कंपन्या एक होणार, तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे चार दिवस माल पाठवू नका. बस, नकाच पाठवू. दोन-तीन खेपा चुकल्या तर पाण्यातला झिंगा कुठे पळून जात नाही, आणि जाळं टाकायचं की नाही ते तुमच्या हातात आहे. विस्ताराच्या वेळी विमानांच्या नंबरांपुढे २ लावून ती एअर इंडियाच्या नंबरात घेतली होती. बाहेरून तो एका आकड्याचा बदल दिसतो. आतमध्ये प्रत्येक लेबल, प्रत्येक यादी, प्रत्येक संदेश त्यावर फिरत असतो.

एजंटकडे किंवा कंपनीच्या खात्यावर तुमची आगाऊ रक्कम असेल तर ती कमीत कमी ठेवा, आणि जी आहे तिचा शिल्लक दाखला तारखेच्या आधी लेखी घ्या. तुम्ही कंपनीशी थेट व्यवहार करत नसाल, एजंटमार्फत करत असाल, तर एजंटची अनामत नव्या कंपनीकडे वर्ग झाली का एवढं विचारा. ती अडकली तर त्याचं बुकिंग थांबतं आणि तुमचंही. जीएसटी नंबर बदलतो, तो सोसायटीच्या हिशेबनिसाला सांगून ठेवा. जुन्या नंबराचं बिल नव्या महिन्यात आलं की पुढे डोकेदुखी होते.

कोलकात्याचा तुमचा व्यापारी माल उचलताना सही करतो. त्याला सांगा, पेटी ओली, फुटकी किंवा कमी दिसली तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहायचं, आणि मोबाइलवर लेबलसकट फोटो काढायचा. तीन आकडे फोटोत दिसले पाहिजेत. परदेशी मालाला माँट्रियल करार लागतो. त्यात नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. देशातल्या मालाला तुमच्या एअर वे बिलाच्या मागच्या अटी पाहा. त्या बारीक अक्षरात असतात. सोसायटीत कोणा पोट्ट्याला बसवून एकदा मोठ्याने वाचून घ्या. भरपाई किलोमागे ठरलेल्या मर्यादेतच मिळते, झिंग्याच्या भावाने मिळत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

आता पेटीकडे येतो, कारण विलीनीकरणात तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होईल असं मला वाटतं आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही.

प्रत्येक कंपनीचं 'ओल्या माला'बद्दलचं धोरण वेगळं असतं. विमानाच्या मालकोठ्यात पाणी गळलं की ते फळीखाली उतरतं, तिथे तारा आणि धातूचा सांगाडा असतो. समुद्री माशाचं खारं पाणी तर धातू खातं. म्हणून काही कंपन्या मासे घेतात ते फक्त गळती न होणाऱ्या पेटीत, काही ठरावीक स्टेशनांवरूनच घेतात, काही ठरावीक विमानांतच. विलीन झाल्यावर दोन धोरणांपैकी बहुधा कडक असलेलं राहतं. ढिलं धोरण ठेवायची जोखीम नव्या कंपनीत सहसा कोणी घेत नाही. आज तुमच्या पेट्या चालतात त्या शेडमधला माणूस ओळखीचा आहे म्हणून. उद्या दुसरा येईल, तो पेटी उचलून तिरपी करेल, आणि एक थेंब जरी कागदावर पडला तरी बाराच्या बारा परत पाठवेल. मीही तेच केलं असतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पेटी मी पाहिली. सुटा बर्फ वरून टाकलेला आहे. तो वितळणार आणि त्याचं पाणीच होणार. त्याऐवजी गोठवलेली जेल पाकिटं घ्या. आत जाड पॉलिथिनची पिशवी, तिच्यात दुसरी, दोन्हींचं तोंड वेगवेगळं पिळून बांधलेलं. तळाशी पाणी शोषणारा थर. झाकणाच्या चारही बाजूंनी टेप, आणि त्यावर पुठ्ठ्याचा खोका. ड्राय आइस स्वतःच्या मनाने टाकू नका. विमानात तो धोकादायक मालाच्या यादीत येतो, त्याचं वेगळं लेबल आणि घोषणा लागते, आणि लपवून टाकलेला सापडला तर तुमच्यासोबत एजंटही गोत्यात येतो.

आणि माप. तुमची पेटी ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर. विमानात वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि ६००० ने भागायचं. ९६,००० भागिले ६०००, म्हणजे १६ किलो. पेटीत झिंगा १० किलो, बर्फ किंवा जेल अडीच, पेटी अर्धा, एकूण १३. आजवर तुमच्याकडून १३ चेच पैसे घेतले असतील, कारण शेडमध्ये काट्यावर टाकून पावती फाडायची सवय असते. नवी कंपनी आली की टेप घेऊन माणूस उभा राहतो. दर तोच राहील पण पेटीमागे ३ किलो, बारा पेट्यांमागे ३६ किलो जास्त लागतील, आणि तुम्ही म्हणाल विलीनीकरणाने भाव वाढवला. पेटी ५० बाय ४० बाय ३५ ची करा. तिचे ११.६७ येतात, वजन १३ च राहतं, तर पैसे १३ चे. दहा किलो झिंगा त्यात बसतो. हा बदल आजच करा, विलीनीकरण होवो न होवो.

फायद्याचंही थोडं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा नुसता घाबरवतो आहे. जाळं मोठं झालं की एकाच वे बिलावर माल लांब जातो. आधी नागपूरचा माल एका कंपनीने दिल्लीला न्यायचा आणि तिथून दुसरीने परदेशी, यात दोन कागद, दोन दर, आणि बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. एकच कंपनी झाली की जबाबदार एकच. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार करतात. किलोला मोलाचा आणि वजनाला हलका असा तो माल. अशांना या बदलाचा फायदा होतो. संत्र्याला नाही. संत्रं जड आणि किलोला स्वस्त, त्याने विमानात बसायचं स्वप्न पाहू नये. तुमचा झिंगा या दोघांच्या मध्ये आहे. थेट विमान असेल तरच हिशेब बसतो.

म्हणून दुसरी वाट आजच पाहून ठेवा. गोंदिया हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे. रेल्वेच्या पार्सल डब्यातून दोन पेट्या एकदा पाठवून बघा, जेल किती तास टिकतं ते घड्याळ लावून पाहा, कोलकात्याच्या माणसाला पेटी उघडताना आतलं तापमान मोजायला सांगा. विमान बंद झाल्याच्या दिवशी हा प्रयोग करायला गेलात तर बारा पेट्यांवर शिकाल. नागपूरहून कोलकात्याला जाणारी दुसरी कंपनी असेल तर तिच्या कार्गो काउंटरलाही महिन्यातून एक खेप द्या, दर थोडा जास्त असला तरी. काउंटरवरच्या माणसाला तुमची पेटी ओळखीची झाली पाहिजे.

बातम्यांपेक्षा वेळापत्रकावर लक्ष ठेवा. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच्या महिनाभर आधी तुमच्या विमानाचं तिकीट पुढच्या तारखांना विकायला आहे का, आणि विमान एअरबस दाखवतं की एटीआर, हे मोबाइलवर पाहता येतं. तिकीट विकत असतील तर विमान आहे. मी नोकरीत असताना हेच पाहायचो. वरून पत्र यायच्या आधी मला तिथेच कळायचं.

मामेभावाबद्दल. तो कंपनीच्या पगारावर आहे, हँडलिंग एजन्सीच्या (कंपनीसाठी विमानतळावर माल हाताळणाऱ्या संस्थेच्या) की लेबर ठेकेदाराच्या, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. कंपनीच्या पगारावर असेल तर विलीनीकरणात त्याची सेवा सहसा पुढे चालू धरली जाते. त्याने नेमणुकीचं पत्र, सेवेची सलग तारीख आणि पीएफचा नंबर जपावा. दोन्हीकडे तेच पद असेल तर एका स्टेशनवर दोन सुपरवायझर कोणी ठेवत नाही, बदली दूर होऊ शकते, घरच्यांशी आताच बोलून ठेवावं. एजन्सीचा असेल तर प्रश्न असा, की नवी कंपनी नागपूरला कोणती एजन्सी ठेवणार. एजन्सी बदलली तर नवी एजन्सी बहुतेक जुनीच माणसं घेते, कारण काम येणारी माणसं गावात तेवढीच असतात, पण पगार नव्याने ठरवते. ठेकेदाराचा असेल तर पहिला धक्का त्यालाच.

कुठलाही असो, त्याने धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र चालू ठेवावं. ते २४ महिन्यांनी संपतं आणि संपलं की माल स्वीकारायच्या टेबलावर बसता येत नाही. एक्स-रे तपासणीचं प्रशिक्षण मिळत असेल तर घ्यावं. ही कागदं त्याच्या नावाची असतात, कंपनीच्या नावाची नसतात, आणि कोणत्याही कार्गोवाल्याला ती लागतात. एअरपोर्टचा पास मात्र कंपनीच्या नावाचा असतो. नव्या पासाचा अर्ज पहिल्या दिवशी द्यावा. उशीर केला तर गेटबाहेर बसून राहावं लागतं आणि आत दुसरा त्याचं काम शिकतो.

राजीनामा त्याने आत्ता देऊ नये. माझ्यासोबतचे दोघे बातमी ऐकूनच सोडून गेले. एकाने मांढळला मिरचीचा सातरा घातला, आज त्याच्याकडे ४० बाया देठ खुडतात, त्याचं बरं चाललं आहे. दुसरा तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीच्या शेडमध्ये कमी पगारावर परत आला. ज्याच्या हाती दुसरं काम तयार आहे त्याने जावं, भीतीने जाऊ नये.

पेटीचा नवा साचा केलात की पहिली भरलेली पेटी थेट विमानतळावर नेऊ नका. आत झिंग्याऐवजी पाण्याच्या बाटल्या आणि जेल भरून, टेप लावून कुहीला माझ्याकडे आणा. रात्रभर ओट्यावर आडवी ठेवू, खाली वर्तमानपत्र टाकू. सकाळी कागद कोरडा निघाला तर पुढच्या खेपेला खुशाल पाठवा.